पेटीतले दिवस

आमच्या घरी दिवस मोजण्याचं काम मायकडं होतं. वऱ्हाडात आईला माय म्हणतात, आणि आमच्या मायला तर सगळं शिरपूरच माय म्हणायचं. कोणाच्या सुनेला कितवा लागला, कोणाची गाय कधी विणार, कोणाचं वर्षश्राद्ध कोणत्या तिथीला, हे विचारायला बायका आमच्या ओट्यावर यायच्या. भिंतीवरचं कॅलेंडर फक्त दूधवाल्याच्या खुणांसाठी होतं. मायचा हिशेब कधी चुकला नाही. एकदाच चुकला, आणि त्यात माझ्या मुलीचा डावा डोळा गेला.

हे असं एका दमात सांगून टाकलेलं बरं. लोक आडून आडून विचारत बसतात त्याचा मला फार राग येतो. बसमध्ये शेजारी बसलेली बाई आधी पोरीचं कौतुक करते, मग हळूच म्हणते, "पडली-बिडली होती का वो लहानपणी?" पडली नव्हती. कोणी मारलं नाही, काही टोचलं नाही. पोरगी घरात होती, उबेत होती, आजीच्या छातीशी होती, आणि तिथंच आतल्या आत तो डोळा गेला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. मी रिसोडहून शिरपूरला आले तेव्हा सहावा सरत होता आणि माझे पाय सुजले होते. पोटुशीचे पाय सुजतातच, असं सगळ्याच म्हणाल्या. मग चेहरा सुजला, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. वाशिमच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि तशीच गाडी अकोल्याकडं काढायला लावली. सातव्या महिन्यातच सिझर झालं. मला शुद्ध आली तेव्हा पोरगी काचेच्या पेटीत होती. तिला पाहिलं आणि वाटलं, एवढ्याशा जिवाला नाव ठेवायची तरी घाई कशाला.

पेटीत ती तीनेक आठवडे होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, पायाला सुई, अंगावर कापसाएवढं काहीतरी. मी वरच्या मजल्यावर टाके सांभाळत पडलेली आणि माय खाली. नर्सनी सांगितलं, बाळाला उघड्या छातीशी धरून बसा, त्यानं वजन वाढतं. माझ्या अंगात ताप होता. माझे मिस्टर अडत्याकडं हिशेबनीस, सोयाबीनचा हंगाम ऐन भरात, ते ये-जा करत होते. मग मायच बसली. पदराआड, चोळीच्या आत, ते मांजराच्या पिल्लाएवढं पोर धरून ती तासन् तास बसायची. पाणी प्यायची नाही, उठावं लागेल म्हणून. माझी मुलगी जगली ती त्या छातीवर. पुढं जे काही लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नका. मी स्वतःच कितीदा तरी विसरले आहे.

घरी सोडताना लहान मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "महिना भरायच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर जन्मलेल्या बाळांचे डोळे तपासावेच लागतात." मायही शेजारीच उभी होती. तिनं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "दाखवू ना. सव्वा महिना होऊ दे."

सव्वा महिना म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पडत नाहीत. दाराला वाकळ, खोलीत शेगडी, ओव्याची धुरी. त्याआधी बाहेर काढलं तर वारं लागतं, नजर लागते. शिकलेली माणसं याला हसतात, पण त्यांच्या घरीही हेच चालतं, नुसतं नाव विश्रांती असतं. आणि मायकडं तर कारण होतं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. वीस-बावीस दिवसांचा असताना घरच्यांनी त्याला बैलगाडीतून जवळच्या गावी लग्नाला नेलं. तिथं कुडकुडला, छातीत कफ भरला आणि गेला. माय त्यावर कधी बोलायची नाही. पण गल्लीत कोणाचंही बाळंतपण असलं की ही दारात उभी राहून सांगायची, सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्यात तिचं काय चुकलं?

चुकलं ते मोजणीत. आम्ही घरी आलो तेव्हा जन्माला तीन आठवडे झाले होते. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, पंधराएक दिवसांत सव्वा महिनाही होईल आणि डोळेही दाखवता येतील, थोडा उशीर, पण चालेल. मायला तसं बोलले तर ती म्हणाली,

"पेटीतले दिवस कायले धरू वो? ते काय आपल्या घरचे दिवस होते का? काचेत होती ते. तिले ना पाचवीचा पाटा ना पाळणा, ना शेक ना धुरी. पोरगी घरी आली तवापासून धरायचं."

"अगं, पण जन्म तर तेव्हाच झाला ना?"

"जन्म झाला कुठं? पोटातून काढून दुसऱ्या पोटात ठेवली होती. आता झाला जन्म."

मी बीएस्सी झालेली. पण खरं सांगायचं तर ते वाक्य मला आवडलंच. कोणी इतक्या प्रेमानं चुकीचं बोललं की दुरुस्त करायला जीभ उचलत नाही. शिवाय टाके ओढत होते, दूध उतरत नव्हतं, आणि पातूरचा घाट ओलांडून पुन्हा अकोल्याला जायचं जिवावर आलं होतं. मी दोन-चार वेळा विषय काढला, थोडं भांडलेसुद्धा. मिस्टर मायला आत्या म्हणतात; ते फोनवर म्हणाले, "आत्या म्हणते तं राहू दे, पंधरा दिवसांनी काय होते?" आरोग्य केंद्राची आशाताई वजन करायला आली तेव्हा तिनंही विचारलं, डोळे दाखवले का? मायनं तिला चहा दिला आणि पोरगी पुढं केली. "हे पाह्य. कशी टकटक पाऊन राह्यली. हिचे डोळे कायले दाखवायचे?"

आणि खरंच, डोळे होते काळेभोर. काजळ घातलेले. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

सव्वा महिना झाला, मायच्या मोजणीनं. घर शेणानं सारवलं, मला डोक्यावरून आंघोळ घातली, नवं लुगडं, ओटी, देवाला नारळ. शेजारणी जेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला निघालो, माय पुढं बसून, पोरगी तिच्या मांडीवर.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी आधी ओल्या कापसानं काजळ पुसलं. पुन्हा पुन्हा थेंब टाकले, मग पापण्या उघड्या ठेवायला बारीक तारेची चिमटी लावली. पोरगी अशी किंचाळली की माय बाहेरून आत धावली. बाईंनी तिला आतच उभं राहू दिलं. उजवा डोळा पाहिला. डावा पाहिला. डावा परत पाहिला. मग दिवा बंद करून विचारलं, "जन्म कधीचा?" मी तारीख सांगितली. "मग आधी का नाही आणलं?"

माय मोकळ्या मनानं म्हणाली, "सव्वा महिना व्हायचा होता ना, बाई."

"सव्वा महिना तर कधीच झाला असेल की, आजी."

"पेटीतले दिवस नाई धरले आमी."

बाईंनी मायकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि गोल काढला.

तेव्हा जे कळलं ते अर्धंमुर्धं होतं. बाकीचं मी नंतर वाचून, त्यांना विचारून विचारून समजून घेतलं. बैल गेला अन् झोपा केला, त्यातला प्रकार. पण समजून घेतल्याशिवाय मला जेवण जाईना.

पोटातल्या बाळाच्या डोळ्यात मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मधून कडेकडे पसरत जातात. त्या कडेपर्यंत पोचायला नऊ महिने लागतात. त्यांना पुढं बोलावणारा एक पदार्थ असतो. डॉक्टर त्याला व्हीईजीएफ म्हणतात, आपण रक्तवाहिन्या वाढवणारा घटक म्हणू. पडद्याच्या ज्या भागाला ऑक्सिजन थोडा कमी पडतो तो भाग हा घटक सोडतो, आणि वाहिनी त्या दिशेनं वाढते. आईच्या पोटात ऑक्सिजन तसा बेताचाच असतो. त्या बेतावरच सगळी वाढ चाललेली असते. बाळ अर्ध्यात बाहेर आलं, वरून नळीनं ऑक्सिजन मिळाला, की पडद्याला वाटतं भरपूर आहे. बोलावणं थांबतं. वाहिन्या आहेत तिथंच राहतात.

पण पडदा वाढतच असतो. काही आठवड्यांनी कडेचा भाग उपाशी पडतो आणि मग तोच घटक नुसता उतू जातो. आमच्या गावात नळाची लाईन अर्ध्या गल्लीपर्यंत आली आणि ठेकेदार निघून गेला, तेव्हा शेवटच्या घरांनी काय केलं होतं? मिळेल त्या प्लास्टिकच्या नळ्या रात्रीतून जोडल्या. सगळीकडं गळती, चिखल, आणि शेवटी एकाची भिंत बसली. डोळ्यात तसंच होतं. नव्या वाहिन्या येतात त्या वेड्यावाकड्या, कच्च्या, पडदा सोडून भलत्याच ठिकाणी. त्या फुटतात, रक्त सांडतं, त्याचा व्रण आखडतो आणि पडद्याला ओढून सोडवतो. डाव्या डोळ्यात ते होऊन गेलं होतं. उजव्यात सुरू झालं होतं.

"दोन-तीन आठवडे आधी आलो असतो तर?" असं मी विचारलं. विचारू नये ते माणूस हमखास विचारतं.

"तर बहुतेक दोन्ही वाचले असते," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजूनही कधी कधी वाटतं.

उजव्या डोळ्यात त्यांनी इंजेक्शन दिलं. तो घटक पकडून ठेवणारं औषध, अगदी थेंबभर. त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर सगळे शुगरवाले म्हातारे बसले होते. त्यांच्या डोळ्यांतही साखरेनं वाहिन्या बिघडून तोच घटक सुटतो आणि त्यांनाही त्याच जातीची इंजेक्शनं देतात. एका आजोबांनी मला विचारलं, "तुमचं पेशंट कोणतं?" मी मांडीवरचं दाखवलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

पुढं कधीतरी बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. माझं बीपी चढलं, सूज आली, त्याच्या मुळाशीही हाच घटक होता. त्या आजारात वार नीट रुजत नाही आणि आईच्या रक्तात असं काही सोडते की तिच्यातला हा घटक शोषला जातो. म्हणजे माझ्यात तो कमी पडला म्हणून ती लवकर आली, आणि लवकर आली म्हणून तिच्यात तो उतू गेला. मी घरी येऊन याच्यावर खूप वेळ हसले. मिस्टर घाबरले. कोणावर चिडावं ते कळेना, म्हणून मी मायवर चिडले. ती समोर होती ना.

चिडले म्हणजे बोलणं सोडलं. उजव्या डोळ्यातल्या वाहिन्या मागं हटल्या, नंतर लेझर झालं, बाई म्हणाल्या हा डोळा राहील, चष्मा लागेल, तपासत राहावं लागेल. मी रिसोडला सासरी परतले होते; प्रत्येक फेरीला माय शिरपूरहून यायची आणि वाटेवरच्या मालेगावला आमच्या बसमध्ये चढायची. पोरीला मांडीवर घ्यायची. मी खिडकीतून बाहेर बघायची. पातूरचा घाट असा किती वेळा आम्ही तिघींनी एकही शब्द न बोलता उतरला असेल. पोरगी तेवढी गप्प बसायची नाही.

एकदा परतताना बस बंद पडली. दुसरी येईपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या पळसाखाली बसलो. पोरगी झोपली होती. मायनं विचारलं, "मले एकदा सांग. आत नेमकं काय झालं थ्या डोयात?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता, तिला लागावं म्हणूनच सांगितलं. वाहिन्या कुठं थांबल्या, कडेचा भाग कसा उपाशी राहिला, त्यानं कसा पुकारा केला, काय धावून आलं. माय चौथी शिकलेली, पण ती ऐकताना एकदाही अडली नाही. झोपलेल्या पोरीच्या अंगावरचा पदर तिनं सारखा केला. मग म्हणाली, "म्हंजे पोरगी आतून भुकेनं वरडून राह्यली होती. अन् माह्या छातीशी होती ते. अन् मले आयकू नाई आलं."

ही बाई रात्री पोरीनं कूस बदलली तरी उठून बसायची. मला काहीतरी बोलायला हवं होतं. आयकू कोणालाच आलं नसतं माय, त्याला आवाज नसतो, त्यासाठी तर दिवा लावून बघावं लागतं, एवढं एक वाक्य. ते तयार होतं तोंडात. पण मला वाटलं, कळू दे जरा. तेवढ्यात बस आली.

त्यानंतर मायनं ओट्यावरचं काम सोडलं. कोणी बाई दिवस विचारायला आली की म्हणते, "कॅलेंडर पाह्य वो, मले नाई समजत आता." एकच काम ती करते. कोणाचं पोर पेटीत ठेवलं असं कानावर आलं की त्यांच्या घरी जाते आणि सांगते, पेटीतले दिवस धरा, अन् डोळे दाखवा, सव्वा महिना गेला चुलीत. एका घरी तिला अपशकुनी म्हटलं. ती ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी परत गेली. ते बाळ त्यांनी नेलं की नाही हे मला माहीत नाही. मायही सांगत नाही.

आता आम्ही बोलतो. न बोलून कुठं जाणार? पोरगी यंदा शाळेत जायला लागली. पहिल्या बाकावर बसते, एका डोळ्यानं सगळं वाचते, वर्गातल्या पोरांना चष्मा घालायला देते आणि घरी येऊन माझा मार खाते. डावा डोळा पुढं आक्रसत मिटत गेला; तो का बंद आहे असं विचारलं की सांगते, तो झोपलाय. हे तिला कोणी शिकवलं नाही.

गेल्या दिवाळीत माय रिसोडला आली होती. दुपारी दोघी ओसरीत, पोरगी रंग भरत होती आणि माय तिच्या डावीकडं बसून वाती वळत होती. माझ्या लक्षात आलं, माय नेहमी तिकडंच बसते. जेवताना, बसमध्ये, देवळात, कुठंही. मला वाटलं हिला अजून कळलेलंच नाही.

"माय, इकडून बस ना," मी म्हटलं. "त्या बाजूनं तिला तू दिसत नाहीस."

"ठाऊक हाये मले," माय म्हणाली. हातातली वात तशीच वळत राहिली. "एकच तं डोया ठेवला तिले. थ्यात चांगलं-चुंगलं पाहू दे. मले काय पाह्यचं?"

पोरीनं आवाज ऐकून खडू खाली ठेवला आणि आजी दिसेपर्यंत सगळी मान वळवली. माय खाली बघायला लागली.